आठ इंची डॉब, नोंद ११: अळवावरचं पाणी

परवा रात्री डॉबच्या, म्हणजे माझ्या हाताने फिरवायच्या डॉब्सोनियन दुर्बिणीच्या, आयपीसमध्ये गुरू कसाबसा आणला, नळी जरा ढकलली आणि खालून ‘टक्’. गुरू गायब. टॉर्च मारून पाहिलं तर अ‍ॅझिमथचा (दुर्बीण डावी-उजवीकडे फिरते त्या बैठकीतला, सनमायका ज्यावर घसरतो तो) एक टेफ्लॉन पॅड सुटून सनमायकाबरोबर फिरायला निघालेला. महिन्याभरातला हा तिसरा.

नोंद ९ मधली रड आठवत असेलच. साध्या टेफ्लॉनला ८० नंबरचा पॉलिशपेपर मारून अ‍ॅरल्डाइट लावलं होतं, ते केळ्याच्या सालीसारखं निघालं. त्याआधी स्क्रू होते. पण टेफ्लॉन वजनाखाली हळूहळू दबतं. स्क्रूची डोकी वर आली आणि सनमायकावर गोल चरे पडले. म्हणून या वेळी खिसा हलका करून एका बाजूने एच केलेली (गोंद धरावा म्हणून रसायनाने प्रक्रिया केलेली), तपकिरी पाठीची ३ मिमी शीट आणली. एचिंग घरी करता येईल का, असं दोघांनी विचारलंय. नाही. त्यात सोडियम धातू आणि नॅप्थलीन लागतं. नॅप्थलीन म्हणजे आपल्या डांबरगोळ्या, म्हणून घरगुती वाटतं. सोडियमला पाणी लागलं की काय होतं ते बारावीच्या लॅबमध्ये पाहिलंय. गॅसवर शेकायची कल्पनाही सोडा, टेफ्लॉन फार तापलं की विषारी धूर निघतो.

मग एच केलेलं का सुटावं? आधी संशय गोंदावर. नवी ट्यूब आणली, मिश्रण वजन करून केलं, वर आईचा पाटा ठेवून पूर्ण २४ तास हात लावला नाही. चिमट्याने ओढलं तर परत अख्खा पॅड हातात, आणि प्लायवर उरलेलं अ‍ॅरल्डाइट काचेसारखं गुळगुळीत!

तेव्हा कुठे रंगाकडे लक्ष गेलं. शीट आणली तेव्हा पाठ कोऱ्या चहासारखी होती, आता अगदी दुधाळ. कापलेले पॅड मी दीड महिना पश्चिमेच्या खिडकीत ठेवले होते. दुकानदाराने शीट काळ्या पिशवीत गुंडाळून दिली होती, मला वाटलं कचऱ्याची पिशवी खपवतोय. माणूस बरोबर होता. सोडियम पृष्ठभागावरचा फ्लोरीन ओढून घेतो आणि मागे कार्बनचा तपकिरी थर राहतो, तोही मायक्रॉनपेक्षा पातळ. इपॉक्सी (म्हणजे आपलं अ‍ॅरल्डाइट) धरते ती त्यालाच. उन्हातल्या अतिनील किरणांनी तोच थर मरतो. आणि हो, पहिल्या पॅडच्या तपकिरी बाजूला मी सवयीने पॉलिशपेपरही मारला होता. पैसे देऊन घेतलेला थर स्वतःच्या हाताने घासून काढला.

खात्री करायला पिशवीत उरलेला तुकडा आणि खिडकीतला तुकडा शेजारी ठेवून ड्रॉपरने एकेक थेंब सोडला. खिडकीतल्यावर अळवावरचं पाणी, टपोरा मणी, जरा कलंडलं की घरंगळला. पिशवीतल्यावर थेंब पसरून चपटा झाला. पाच पैशांची चाचणी, आधीच करायला हवी होती!

दोन्ही चिकटवले. काल ओढून पाहिले: खिडकीतला नखाने निघाला, पिशवीतला निघताना प्लायचा पापुद्रा घेऊन आला. प्लाय फाटलं, जोड नाही. त्या तुकड्याचा फोटो फोनच्या वॉलपेपरवर आहे.

आता नवे पॅड. सगळा लवाजमा १८ किलो, तीन पॅड, म्हणजे प्रत्येकी ६ किलो. दर चौरस सेंमीला साधारण एक किलो या हिशोबाने अडीच बाय अडीच सेंमी पुरे. थेट प्लायवर चिकटवणार होतो, पण हे लिहिता लिहिता सुचलं: पॅड अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर चिकटवायचे आणि पट्टी खालून बोल्टने लांबट खाचेत बसवायची. पॅड मध्याकडे सरकवले की फिरवणं हलकं, बाहेर नेले की जड. प्लायचीही पुन्हा सालटी निघणार नाहीत. पट्ट्या मात्र आधी अ‍ॅसिटोनने पुसायच्या आणि खरखरीत करायच्या. पॉलिशपेपर अ‍ॅल्युमिनियमलाच, शपथ.

कापलेले नवे पॅड काळ्या पिशवीत, पिशवी कपाटात. आईने दोनदा विचारलंय, कचरा कपाटात का ठेवलाय म्हणून.