४१ दिवस बिनमाशांची टाकी

पहिल्या टाकीतल्या सहा मोली, म्हणजे छोटे शोभेचे मासे, नऊ दिवसांत गेल्या. तीन वर्षं झाली, तरी शेवटची मोली अजून डोळ्यांसमोर येते. पंख मिटलेले, कल्ले लालभडक, आणि वर तोंड करून ती सारखी पृष्ठभागावरचं पाणी ओढत होती. दुकानात सांगितलं होतं, "पाणी चोवीस तास भरून ठेवा आणि सोडा मासे." तसंच केलं होतं. दोन मेल्यावर पुन्हा विचारायला गेले, तर म्हणाले टाकी घाण झाली असेल, सगळं धुऊन घ्या. मी खडी, फिल्टरचा स्पंज, सगळं नळाखाली घासून काढलं. उरलेल्या चार त्यानंतर दोन दिवसांत गेल्या. टाकी माळ्यावर ठेवली.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत ती खाली आली आणि लेकीने विचारलं, "पुन्हा ठेवायचे मासे?" ती आता नऊ वर्षांची आहे. मी हो म्हटलं, पण एका अटीवर: टाकी तयार झाल्याशिवाय एकही मासा घरात येणार नाही.

चोवीस तास पाणी ठेवलं की त्यातला क्लोरीन उडून जातो, एवढं खरं. पण मोलींना मारलं ते क्लोरीनने नाही, अमोनियाने. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो, त्यात विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून भर पडते. नदीत हे वाहून जातं, टाकीत जाणार कुठे? तिथे हे काम जिवाणू करतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते. नायट्राइटही विषारीच, ते माशाच्या रक्तात शिरलं की रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. दुसरी जात त्या नायट्राइटचं नायट्रेट करते, ते बरंच सौम्य असतं आणि पाणी बदललं की कमी होतं. ही दुसरी जात म्हणजे नायट्रोबॅक्टर असं पूर्वी मानत. घरच्या टाक्यांमध्ये हे काम मुख्यतः नायट्रोस्पिरा करतात, हे १९९०च्या दशकात कळलं. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतातच. ते चिकटून राहतात, स्पंजाला, खडीला, काचेला. आणि वाढतात फार सावकाश, दुप्पट व्हायला एकेक दिवस घेतात. नळाखाली स्पंज धुताना जे थोडे जमले असतील तेही मी क्लोरीनच्या पाण्यात घालवले होते.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. खडी घालून पन्नास लिटरच्या आसपास पाणी. क्लोरीन काढायला हायपोचे खडे टाकले, फिल्टर सुरू केला. आता जिवाणूंना खायला अमोनिया हवा, आणि मासा तर सोडायचा नाही. त्यासाठी अमोनियम क्लोराइड आणलं, म्हणजे आपला नवसागर. सासूबाईंनी पुडीचं लेबल वाचलं आणि लगेच ओळखलं. वाड्यात कल्हईवाला यायचा, तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकला की पांढरा धूर निघायचा, ते त्यांना लख्ख आठवतं. त्यांनी चिमूटभर नवसागर तळहातावर घेतला, पानाच्या डब्यातला चुना त्यात कालवला आणि लेकीच्या नाकाशी धरला. डोळ्यांत पाणी आणणारा तो झणका म्हणजेच अमोनिया. माशाला रोज कशात राहावं लागतं, हे तिला माझ्या सगळ्या स्पष्टीकरणांपेक्षा त्या एका वासाने समजलं. (टाकीसाठी मात्र मी कल्हईचा नाही, प्रयोगशाळेच्या दुकानातला शुद्ध नवसागर वापरला.)

सोन्याच्या छोट्या काट्यावर १० ग्रॅम मोजून एक लिटर पाण्यात विरघळवला. त्यातलं ३० मिली टाकीत घातलं की अमोनिया साधारण २ पीपीएम, म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम होतो. थेंबांचं टेस्ट किट घेतलं. महाग वाटलं, पण सगळ्या खर्चात हाच सर्वांत सार्थकी लागला, कारण अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. मोली गेल्या तेव्हाही पाणी काचेसारखं स्वच्छ होतं.

रोज संध्याकाळी लेक कालनिर्णयच्या चौकोनात स्केचपेनने रंग भरायची. अमोनियाचा हिरवा, म्हणजे अमोनिया आहे; नायट्राइटचा आकाशी, म्हणजे ते शून्य. पहिले नऊ दिवस नुसता हिरवा आणि आकाशी. मधे पाणी दुधाळ झालं तेव्हा मला वाटलं, आले जिवाणू. ते आपले नव्हते. सेंद्रिय कचऱ्यावर वाढणारे वेगळे होते, तीन-चार दिवसांत पाणी आपोआप निवळलं. नवव्या दिवशी थर्मामीटर लावून पाहिला तर २१ अंश. पुण्यातला नोव्हेंबर, खिडकीजवळची टाकी. या जिवाणूंना ऊब लागते. हीटर २८ वर लावला. चौदाव्या दिवशी नायट्राइटच्या नळीत आकाशीऐवजी फिकट जांभळा रंग आला. आम्ही दोघी ती नळी दिव्यासमोर धरून किती वेळ बघत होतो. काहीही न दिसणाऱ्या पाण्यात कोणीतरी जगायला लागलं होतं.

मग अमोनिया भराभर उतरला. विसाव्या दिवसापर्यंत संध्याकाळी घातलेला दुसऱ्या संध्याकाळी संपलेला असायचा. पण कालनिर्णयवरचे चौकोन मात्र गडद जांभळे, एकामागून एक. एक भाग अमोनियापासून पावणेतीन भाग नायट्राइट तयार होतं, आणि मी उत्साहाने रोजचा डोस देतच राहिले होते. खरं तर जांभळा रंग दिसल्यावर डोस निम्म्यावर आणायला हवा होता.

सत्ताविसाव्या दिवशी अमोनियाही उतरेना. आदल्या दिवशीचा हिरवा जसाच्या तसा. सासूबाई म्हणाल्या, "थकले असतील गं." मला तर पुन्हा सगळं मेलं असंच वाटलं. पीएच तपासला, नळी पिवळीधमक, म्हणजे ६ किंवा त्याहून खाली, पाणी चांगलंच आम्लधर्मी झालेलं. तिथे उलगडा झाला. अमोनियाचं रूपांतर होताना आम्ल तयार होतं आणि पाण्यातली अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल मारणारे विरघळलेले क्षार, ते शोषून घेते. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे साधारण सात मिलिग्रॅम अल्कलिनिटी खर्च होते. आमच्या नळाचं पाणी मऊ, त्याचा केएच, म्हणजे अंशांत मोजलेली अल्कलिनिटी, भरला जेमतेम ३. माझ्या रोजच्या डोसांत तो केव्हाच संपला होता. पीएच इतका खाली गेला की हे जिवाणू मरत नाहीत, पण काम थांबवतात.

अर्धं पाणी बदलायचं ठरवलं आणि आठवलं, आज गुरुवार. दुरुस्तीसाठी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा, कमी दाबाने. म्हणून त्या रात्री एक चमचा खाण्याचा सोडा तांब्याभर पाण्यात विरघळवून थोडाथोडा घातला. पन्नास लिटरला एवढा पुरतो, केएच चारेक अंशांनी चढतो. मासे असते तर असं एकदम केलं नसतं. शनिवारी पाणी बदललं. रविवारी अमोनिया शून्य.

नायट्राइट अजून हटत नव्हतं. एका ओळखीच्यांकडे चिंचवडला पाच वर्षांची टाकी आहे, त्यांच्या फिल्टरमधला काड्यापेटीएवढा स्पंजाचा तुकडा स्टीलच्या डब्यात त्यांच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून स्कूटरवरून आणला. वाळू द्यायचा नाही, नळाचं पाणी लावायचं नाही. तपकिरी, बुळबुळीत, मातीसारखा वास. "म्हणजे विरजणच की," सासूबाई म्हणाल्या. अगदी तेच. ते मी पहिल्याच दिवशी आणायला हवं होतं. फक्त ज्या टाकीत आजारी मासे नाहीत, अशाच टाकीतलं घ्यावं, नाहीतर रोगही सोबत येतो.

अडतिसाव्या दिवशी नळी आकाशी झाली. लेकीने तो चौकोन दोनदा रंगवला. चाळिसाव्या दिवशी संध्याकाळी पुन्हा ३० मिली नवसागर घातला, चोवीस तासांनी तपासलं: अमोनिया पिवळा, म्हणजे शून्य. नायट्राइट शून्य. नायट्रेट केशरी-लाल, म्हणजे भरपूर. टाकी लागली होती.

जवळजवळ सगळं पाणी बदलून नायट्रेट खाली आणलं, हीटर २५ वर आणला आणि सहा झेब्रा डॅनिओ आणले. पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवली, टाकीतलं पाणी वाटीवाटीने त्यात घातलं, मग जाळीने मासे सोडले. पहिले दहा दिवस रोज तपासणी केली. अमोनिया एकदाही वर आला नाही. सहाही कळपाने काचेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पळत असतात, पंख ताठ उघडलेले.

गेल्या रविवारी पहिल्यांदा स्पंज काढला. बादलीत टाकीचंच पाणी घेऊन त्यात दोनदा हलकेच पिळला, चकचकीत केला नाही, परत बसवला. बादलीतलं ते तपकिरी पाणी सासूबाईंनी जास्वंदीला घातलं.