हाऊबेर रुजवताना

परभणीत काष्ठौषधीच्या दुकानात हाऊबेर मागितलं की काळपट, सुरकुतलेली फळं पुडीत बांधून मिळतात. आयुर्वेदातली हपुषा म्हणतात ती हीच. दिसायला फळ, पण खरं तर तो चीडच्या झाडाला येतो तसाच शंकू. खवले मांसल होऊन एकमेकांत मिसळलेले. हे वाचलं आणि झाड अंगणात हवंच असं मनाने घेतलं. तोवर सूचिपर्णी, म्हणजे असे शंकू धरणारं झाड, म्हटलं की शाळेत वहीत जपलेली मोरपंखीची ‘विद्या’, एवढंच ठाऊक.

दुकानातल्या फळांतलं एकही बी उगवलं नाही. मग हिमाचलात लाहौलला गेलेल्या भाच्याने मूठभर पिकलेली फळं आणली. एकात बहुधा तीन बिया, राळेने चिकटलेल्या. राखेने चोळून धुतल्या. ओल्या वाळूत घालून मृगापासून गणपतीपर्यंत घरातल्या उबेत ठेवल्या आणि पुढे संक्रांतीपर्यंत फ्रिजमध्ये. आधी ऊब आणि मग लांबलचक थंडी मिळाल्याशिवाय हे बी जागं होत नाही. आई कोथिंबीर काढताना रोज विचारायची, “अजून किती दिवस रे ही वाळू?”

चाळिसांतली तीन उगवली. एक काळ्या मातीत लावलं, ते मुळाशी ओल धरून महिन्यात सडलं. उरलेली दोन मुरूम आणि वाळूत, सावलीला. फेब्रुवारी-मार्च छान गेले. मे महिन्यात पारा बेचाळीसवर गेला आणि दोन्ही शेंड्याकडून तांबूस होत वाळली. मला फार लागलं ते. पाणी, सावली सगळं दिलं. थंडी कुठून देणार होतो?

गेल्या सप्टेंबरात भाच्यासोबत लाहौल गाठलं. उघड्या उतारावर, गुडघ्याएवढी, जमिनीला धरून पसरलेली झुडपं. हिवाळाभर बर्फाखाली दबून राहतात, तरी हिरवीच. सुया तीन-तीनच्या फेऱ्यांत, प्रत्येकीच्या वरच्या अंगावर एक पांढरा पट्टा. एकाच फांदीवर हिरवी फळं आणि निळसर काळी फळंही, कारण पिकायला दीडेक वर्ष लागतं. शेजारच्या झुडपावर एकही नव्हतं. यात नर वेगळा, मादी वेगळी. आर्क्टिकपासून हिमालयापर्यंत एवढा दूर पसरलेला दुसरा सूचिपर्णी नाही. आमच्या अंगणापर्यंत मात्र तो येणार नाही.

या वेळी फळं तोडली नाहीत. फांदीखाली हात घातला. आपल्यासारखी माती नव्हतीच, दगडांचा चुरा होता; वरून कोरडा, बोटभर खाली गार. तेव्हा दुपारचा एक वाजला होता.