मुरगावला मुक्काम वाढला

तिकिटावर मुंबई–मुरगाव–लक्षद्वीप–मुंबई असं छापलेलं होतं. दिवाळी नुकतीच झालेली, पुतणीच्या शाळेला अजून सुट्टी, आणि आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, कधी नव्हे ते स्वतःहून म्हटलं होतं, "मला एकदा बोटीने गोव्याला जायचंय." त्यांचं माहेर मालवणचं. लहानपणी त्या भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जायच्या. बोटी बंद झाल्या, पुढे कोकण रेल्वे आली, आणि समुद्राकडून किनारा बघणं राहून गेलं. लक्षद्वीप हा आम्हा बाकीच्यांचा हट्ट.

मुंबईहून निघालो ती रात्र शांत गेली. सकाळी डेकवर आलो तेव्हा जहाज मुरगावच्या लाटरोधक भिंतीच्या आत शिरत होतं. एका बाजूला सड्याचं पठार, समोर जुवारीचं रुंद मुख, पलीकडे दोना पावलाचं टोक. ऊन कडक, वारा जवळजवळ नाहीच. अशा हवेत नाश्त्याच्या वेळी कॅप्टनची घोषणा झाली: आग्नेय अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालंय, ते तीव्र होण्याची शक्यता आहे, जहाज आज संध्याकाळी सुटणार नाही, मुक्काम मुरगावलाच राहील आणि पुढचा निर्णय उद्याच्या हवामान बुलेटिननंतर कळवला जाईल.

नाश्त्याच्या हॉलमध्ये एकदम गलका झाला. सांगलीचे एक निवृत्त गुरुजी आमच्या टेबलाशेजारी होते. नातवंडांना प्रवाळ दाखवायचं म्हणून त्यांनी वर्षभर पैसे बाजूला टाकले होते. ते ओरडले नाहीत, फक्त खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अहो, पण ऊन पडलंय की!" रिसेप्शनसमोर रांग लागली तेव्हा बहुतेकांचा प्रश्न हाच होता. इथे आकाश निळं, मग जायला काय हरकत?

या प्रश्नाचं उत्तर मला आधी थोडं माहीत होतं, नीट कळलं ते त्या मुक्कामात. आपल्या अरबी समुद्रात चक्रीवादळांचे हंगाम दोन: मान्सूनच्या तोंडावर मे-जून, आणि मान्सून परतल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर. पाण्याचं तापमान साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर गेलं की वादळाला खाद्य मिळतं. वाऱ्याचा वेग ताशी 31 किलोमीटरला पोचला की हवामान खातं त्याला डिप्रेशन म्हणतं, 50 ला डीप डिप्रेशन, आणि 62 ला चक्रीवादळ. नाव मिळतं ते तेव्हाच. आमचं प्रकरण डीप डिप्रेशनपर्यंत गेलं आणि पश्चिमेकडे सरकत विरलं. त्याला नाव मिळालंच नाही, त्यामुळे घरी परतल्यावर "कुठलं वादळ?" असं विचारणाऱ्यांना सांगता येईना.

पण नाव नसलं तरी लाटा असतात. क्रूझचं जहाज 18-20 नॉट सहज काढतं, म्हणजे ताशी 33 ते 37 किलोमीटर. वादळाचं केंद्र बहुतेक वेळा याच्या निम्म्यानेही सरकत नाही. त्यामुळे आधी कळलेल्या वादळाच्या तावडीत जहाज सापडण्याची भीती तशी कमी. अडचण असते ती उतरण्याची. लक्षद्वीपची बेटं म्हणजे प्रवाळाचं कडं आणि आत उथळ पाण्याचं तळं, म्हणजे लगून. मोठं जहाज तिथे धक्क्याला लागतच नाही. ते बाहेर खोल पाण्यात उभं राहतं आणि माणसं छोट्या होड्यांतून बेटावर नेतात. जहाजाच्या दारात उभं राहून, खालीवर होणाऱ्या होडीत पाय टाकायचा. दूरवरच्या वादळातून सुटलेल्या लांब लाटा वाऱ्याच्या कितीतरी आधी, स्वच्छ उन्हातही, येऊन पोचतात. होडी पुरुषभर वर-खाली व्हायला लागली की सत्तरीच्या बाईला आणि आठ वर्षांच्या मुलीला त्यात उतरवणं हा वेडेपणा आहे. कॅप्टनने ते टाळलं. मला त्या माणसाबद्दल पहिल्या घोषणेपासून आदर वाटला आणि तो मी आल्यावर लेखी कळवलाही.

आई तर एवढ्याशाही विचलित झाल्या नाहीत. दुपारी केबिनमध्ये म्हणाल्या, "आमच्या वेळी मालवणला बोट कुठे धक्क्याला लागायची? ती किल्ल्याच्या बाहेर उभी राहायची, आम्ही पडावातून जाऊन चढायचो. समुद्र बरा नसला तर बोट भोंगा वाजवायची आणि पुढे निघून जायची. वडील म्हणायचे, चला, आता वेंगुर्ल्याला उतरू." पावसाळ्यात तर बोटी बंदच. वेळापत्रक समुद्र ठरवतो, हे त्यांच्या पिढीला सांगावं लागत नव्हतं. आमच्या पिढीने बोट पाहिली ती जाहिरातीत, तिथे समुद्र नेहमीच निळा आणि सपाट.

कॅरिबियनमधल्या क्रूझविषयी बरंच वाचलेलं होतं, त्यामुळे मनात एक तुलना चालू होती. तिकडे 1 जून ते 30 नोव्हेंबर हा हरिकेनचा हंगाम. त्या काळातही जहाजं चालतात, कारण पूर्वेच्या बेटांकडे वादळ आलं तर जहाज पश्चिमेकडे वळवता येतं. बंदरं भरपूर आहेत. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर क्रूझ घेणारी मोठी बंदरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी: मुंबई, मुरगाव, नवं मंगळूर, कोची. दक्षिणेला वादळ असेल तर कोची आणि मंगळूर आपोआप गळतात. म्हणजे इथे बदल याचा अर्थ बहुधा दुसरं बंदर नव्हे, तर आहे तिथेच थांबणं किंवा समुद्रात जास्तीचा दिवस काढणं. तिकीट काढताना हे कुणी समजावून सांगत नाही, सांगायला हवं. अटींमध्ये मात्र स्पष्ट लिहिलेलं असतं की सुरक्षिततेसाठी मार्ग बदलण्याचा अधिकार कॅप्टनचा आहे आणि त्याबद्दल भरपाई मिळणार नाही. आम्हाला वगळलेल्या बंदराची फी आणि जहाजाकडूनच घेतलेल्या सहलीचे पैसे जहाजावरच्या खात्यात परत आले. ज्यांनी बेटावरचं डायव्हिंग परस्पर बाहेरून ठरवलं होतं, ते फोनवर हुज्जत घालत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि हे खारीवाड्याच्या मासळी धक्क्यावर गेलो. वादळ म्हणजे काय ते मला तिथे दिसलं. धक्क्यापासून आत पाण्यात ट्रॉलरच ट्रॉलर, एकाला एक बांधलेले, मध्ये जुने टायर लटकवलेले, की पाचव्या बोटीवरून डेकांवरून चालत किनाऱ्यावर यावं. नाकांवरचे नंबर वाचत गेलो: आयएनडी-जीए, मग आयएनडी-केए, केएल, आणि टीएनसुद्धा. कर्नाटक, केरळ, तमिळनाडूच्या बोटी इशारा मिळाल्यावर जवळच्या बंदरात, म्हणजे इथे, शिरलेल्या. एका डेकवर स्टोव्हवर भात शिजत होता, शेजारी एकजण पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून फाटलेली घरं शिवत होता, सुई न बघता. दोर ताणला की करकरायचा आणि सैल पडला की पाण्याला टेकायचा. बंदराच्या आत, भिंतीच्या आडोशाला, लाट नावालाही नव्हती, तरी सगळ्या बोटी एकत्र हळूच वर जायच्या आणि खाली यायच्या. ती बाहेरची लांब लाट, इतक्या आतपर्यंत आलेली.

तिथल्या एका वयस्क बोटमालकांनी बंदराच्या दिशेने हात केला. "बावटा लागला. दर्या बरो ना." मग आमच्यासाठी मराठीत, "तीन नंबरचा आहे. अजून वारा नाही, पण बोटी आत आणल्या की झोप लागते." बंदरांवरचे हे धोक्याचे इशारे 1 ते 11 नंबरचे असतात. दिवसा शंकू आणि नळकांड्यांसारखे आकार वर चढवतात, रात्री लाल-पांढरे दिवे. एक नंबर म्हणजे दूर समुद्रात काहीतरी होतंय, तीन म्हणजे खुद्द या बंदरालाही झोडपणाऱ्या हवेची शक्यता. मोबाइलवर उपग्रहाचं चित्र दिसत असतानाही इथली माणसं बोलताना नंबरच बोलतात.

त्यांनीच 2019 च्या दिवाळीतल्या क्यार वादळाची आठवण काढली. ते गोव्याच्या किनाऱ्यावर आलं नाही, दूरूनच गेलं, तरी त्या दिवसांत मुरगावच्या बाहेर नांगरलेलं नाफ्थाचं एक टँकर जहाज वाहत जाऊन 24 ऑक्टोबरला दोना पावलाला राजभवनाखालच्या खडकांवर बसलं. त्यावर माणूस नव्हता. त्याआधी 2000 च्या जूनमध्ये रिव्हर प्रिन्सेस नावाची बोट कांदोळीच्या वाळूत रुतली, ती वर्षानुवर्षं तिथेच गंजत राहिली. आणि 2021 च्या मेमध्ये तौक्ते वादळ याच किनाऱ्याला घासून गुजरातेत गेलं. मुंबईपाशी कामगारांच्या मुक्कामाचा पी-305 बार्ज बुडाला आणि कितीतरी घरांतली माणसं परत आली नाहीत. ही यादी ऐकल्यावर लक्षद्वीप हुकल्याची हळहळ करणं मला जमेना.

दुपारी आईंनी विषय काढला. "थांबलोच आहोत तर कवळ्याला जाऊन येऊ." शांतादुर्गा त्यांच्या माहेरची कुलदेवता. टॅक्सीवाले दादा म्हणाले, बोरीच्या पुलावरून नेतो. आमच्यासारखी मुंबई-पुण्याची कितीतरी कुटुंबं गोव्यात येतात ती मंगेशी, म्हार्दोळ, कवळ्यासाठी. पण मुरगावहून तिथे जाण्याला एक वेगळा अर्थ आहे. शांतादुर्गेचं मूळ स्थान केळशी, मंगेशाचं कुशस्थळी, म्हणजे आजचं कुठ्ठाळी. दोन्ही गावं याच मुरगाव तालुक्यात, जुवारीच्या अलीकडे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडू लागले तेव्हा भक्तांनी देव उचलले आणि नदी ओलांडून अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा भागात, नेले. कवळ्याचं आजचं देऊळ 1738 चं, शाहू महाराजांच्या काळातलं. बोरीच्या पुलावर आईंनी गाडी हळू घ्यायला लावली आणि हात जोडून नदीकडे बघत राहिल्या. देवळात तलावाकाठी बसून त्यांनी ओटी भरली, पुतणीला दीपस्तंभाखाली उभं केलं. माझ्या लग्नापासून आम्ही कवळ्याला जायचं ठरवत होतो आणि दर वेळी काही ना काही निघत होतं.

परतीच्या प्रवासात मात्र समुद्राने दाखवलं. जहाजावरचा पोहण्याचा तलाव रिकामा करून वर जाळी ताणली होती, डेकवरच्या खुर्च्या एकत्र बांधलेल्या, आणि लिफ्टशेजारच्या कठड्यात कागदी पिशव्या खोचून ठेवलेल्या. बंदराची भिंत सोडल्याबरोबर नैऋत्येची लाट मागून, तिरकी लागायला लागली. जहाज एका बाजूला सावकाश कलायचं, तिथे क्षणभर थांबायचं, मग परतायचं. ते थांबणंच पोटाला सोसत नाही. अर्ध्या जहाजाला बोट लागली. आमची केबिन खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मधोमध होती, तिथे हालचाल सगळ्यात कमी. वरच्या मजल्यावरची, बाल्कनीवाली, महागडी खोली अशा रात्री सगळ्यात जास्त हलते. एव्होमिनची गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, निघण्याआधी घ्यायची. पोट रिकामं ठेवू नये, कोरडी बिस्किटं खावीत, आणि क्षितिज दिसेल अशा जागी बसावं. आईंनी पिशवीतून आलेपाक काढला आणि गुरुजींच्या नातवंडांनाही वाटला. गुरुजी तोवर सावरले होते. मुरगावच्या मुक्कामात ते नातवंडांना बोगमाळ्याजवळचं नौदलाचं विमान संग्रहालय दाखवून आले होते, आणि मुलं लक्षद्वीप विसरून त्या विमानांबद्दलच बोलत होती.

मुंबईला आम्ही ठरल्यापेक्षा उशिरा लागलो. पुण्याची गाडी चुकायचा प्रश्न नव्हता, कारण परतीचं आरक्षण दुसऱ्या दिवसाचं ठेवलं होतं. ज्यांनी त्याच दुपारचं विमान घेतलं होतं, त्यांची मुंबई बंदराच्या ग्रीन गेटबाहेर टॅक्सीसाठी झालेली धावाधाव बघवत नव्हती. या हंगामात जाणार असाल तर जहाज सुटण्याआधी एक आणि परतल्यावर एक असा दिवस हाताशी ठेवाच. प्रवासविमा काढायचा तर तिकिटाबरोबरच काढा. वादळाच्या बातम्या सुरू झाल्यावर काढलेला विमा बहुधा त्या वादळापुरता उपयोगाचा नसतो. आणि फक्त एका बेटावर जीव अडकला असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडा, जानेवारी-फेब्रुवारीत जा. तेव्हा समुद्र निवलेला असतो. आम्ही लक्षद्वीपसाठी आता फेब्रुवारीच बघतोय, पुतणीच्या परीक्षेची तारीख लागली की तिकिटं काढू.