फायरवॉलमधून वायरिंग नेताना

इंग्लंडमध्ये घरच्या गॅरेजात जुळवलेली किट कार रस्त्यावर आणण्यापूर्वी आयव्हीए (इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल, म्हणजे एकेका गाडीच्या मंजुरीची) तपासणीतून जावे लागते. २००९ पासून लागू असलेल्या या तपासणीत सुट्या वायरींना निदान दर ३०० मिलिमीटरवर आधार लागतो, हे लक्षात ठेवूनच मी हार्नेसचा, म्हणजे गाडीतल्या वायरींच्या बांधलेल्या जुडग्याचा, मार्ग आखला.

इंजिन आणि केबिन यांच्यामधली फायरवॉल माझ्या गाडीत अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची आहे. तिला पाडायच्या छिद्राचा आकार वायरींच्या जुडग्यावरून नव्हे, तर त्यातून जाणाऱ्या सर्वांत मोठ्या कनेक्टरवरून ठरतो. ईसीयू, म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, डॅशबोर्डखाली असल्यामुळे मी हार्नेस केबिनमधून इंजिनाकडे ढकलला, कारण सेन्सरांचे कनेक्टर लहान असतात आणि ईसीयूचा कनेक्टर भलामोठा. छिद्राची कड कानशीने घासून त्यात रबरी ग्रोमेट (छिद्राची कड झाकणारे कडे) बसवणे अनिवार्यच आहे. अन्यथा कंपनामुळे पत्रा इन्सुलेशन कापतो आणि बॅटरीची वायर थेट चासीला टेकून आग लागू शकते. ग्रोमेट सैल राहिला, तर पाणी आणि इंजिनाकडचा धूर केबिनमध्ये शिरतो, म्हणून फट सीलंटने बुजवावी.

स्टार्टरची जाड केबल मी वेगळ्या छिद्रातून नेली. क्रँक सेन्सरच्या (इंजिनाच्या फिरत्या दांड्याची स्थिती टिपणाऱ्या सेन्सरच्या) वायरी इग्निशन कॉइलपासून दूर ठेवल्या, एक्झॉस्टची बाजू पूर्णपणे टाळली आणि इंजिन माउंटवर हलते म्हणून फायरवॉलपुढे थोडी ढील सोडली. बल्कहेड कनेक्टर, म्हणजे फायरवॉलमध्येच बसवून दोन्ही बाजूंच्या वायरी जोडणारे कनेक्टर, दिसायला देखणे असतात खरे, परंतु प्रत्येक जोड ही बिघाडाची एक जादा जागा असल्याने मी ते वापरले नाहीत.