आमच्यासारख्या मुलांची पुस्तकं

आज ग्रंथालयाच्या बालविभागात आठ-नऊ वर्षांची एक मुलगी कपाटासमोर बराच वेळ उभी होती. काय हवंय विचारलं, तर म्हणाली, "सारखी भांडणारी बहीण असलेलं पुस्तक आहे का?" तीन काढून दिली. तिने उभ्या उभ्याच तिन्हीची चार-चार पानं वाचली, दोन परत केली आणि तिसरं छातीशी धरून नोंद करायला आली.

मला दिवसभर बालसाहित्यिका बेव्हर्ली क्लिअरी आठवत राहिल्या. अमेरिकेत याकिमाला त्या मुलांच्या ग्रंथपाल होत्या. तिथल्या मुलांनी त्यांना विचारलं होतं, आमच्यासारख्या मुलांची पुस्तकं कुठे आहेत? पुढे त्यांनी ती स्वतःच लिहिली. पहिलं १९५० साली आलं.

इंग्रज कवी फिलिप लार्किन तर १९५५ पासून १९८५ मध्ये निधन होईपर्यंत इंग्लंडमधल्या हल विद्यापीठाचे ग्रंथपाल होते. अशांबद्दल लोक म्हणतात, नोकरी सांभाळून लिहिलं. मुलांसाठी लिहिणाऱ्यांच्या बाबतीत तरी मला हे पटत नाही. मूल कुठल्या ओळीला हसतं, कुठल्या पानावर पुस्तक मिटतं, हे देवघेवीच्या टेबलाशी बसूनच कळतं. माझ्या बालकवितांमधली कितीतरी कडवी मी तिथेच खोडली आहेत.

संध्याकाळी परत आलेली पुस्तकं लावताना एका कवितासंग्रहात पानाचा कोपरा दुमडलेला दिसला. एरवी मी तो लगेच सरळ करते. आज आधी ती कविता वाचली, मग पुस्तक तसंच ठेवून दिलं.

भांडणाऱ्या बहिणीवर दोन ओळी झाल्यात. तिसरी अजून जुळत नाहीये.