रिजिड फोर्क अपडेट: हँडल एकदाचं मोकळं झालं

सायकलला रिजिड, म्हणजे स्प्रिंग नसलेला, फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) बसवलाय. काल रात्री तिचं हँडल एका बोटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं आणि कुठंच अडकलं नाही. बायकोला झोपेतून उठवून दाखवलं, एवढा आनंद झाला राव.

जुना १०० एमएम दबणारा सस्पेन्शन (स्प्रिंगवाला) फोर्क का काढला ते मागच्या वेळी लिहिलंच होतं. बीड बायपासवरून महानुभाव आश्रम चौक, तिथून लिंक रोडने वाळूज एमआयडीसी, या रोजच्या डांबरी रस्त्यावर तो नुसता पायाचा जोर खायचा. काट्यावर टाकला तर २.६ किलो भरला, नवा स्टीलचा १.२. लांबी बघूनच घेतला बरं का, जुना अॅक्सल ते क्राउन, म्हणजे चाकाच्या आसापासून फोर्कच्या खांद्यापर्यंत, ४७० एमएम, मी बसलो की दबून ४५० च्या आसपास, म्हणून नवा ४४५ चा. जो विक्रेता ही लांबी लिहीत नाही त्याच्याकडून फोर्क घेऊच नका, २० एमएम कमी झालं की हेड अँगल (हँडल ज्या नळीत फिरतं तिचा कोन) अंदाजे एक डिग्रीने उभा होतो आणि गाडी हातात थरथरते.

आता खरं दुखणं. हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगची जोडी, आवळला की हँडल बरोबर सरळ आल्यावर जड व्हायचं, जरा ढिलं केलं की पुढचा ब्रेक दाबल्यावर खटखट. दोन आठवडे हेच चाललं. बेअरिंग नवीन टाकले, ग्रीस बदललं, स्टार नट (हेडसेट आवळायचा बोल्ट ज्यात बसतो तो) वाकडा बसला का ते पाहिलं, मग फ्रेमची पुढची नळी, हेड ट्यूबच, अंडाकृती झाली की काय असं वाटून एक रात्र झोप नाही लागली, कारण मग फ्रेमच गेली ना. शेवटी सगळं उचलून आमच्या शेडजवळच्या लेथवाल्या चाचांकडे नेलं. त्यांनी क्राउन रेस (खालच्या बेअरिंगसाठी फोर्कवर ठोकून बसवायची कडी) उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "ये लोहे पे नहीं, रंग पे बैठी है." व्हर्नियर लावला तर फोर्कची सीट (रेस बसते ती जागा) ३०.५ एमएम, रेस आतून ३०! पावडर कोटिंग सीटवर पण मारलेलं, आणि मी पाइपने ठोकून ठोकून रेस तिरकी बसवली होती. चाचांनी एमरी पट्टीने रंग काढून ३०.१ वर, घट्ट बसेल एवढंच, आणलं, रेस सरळ खाली जाऊन टण्ण वाजली. तो आवाज अजून कानात आहे. नवा फोर्क आला की आधी सीट मोजा, मग हातोडी उचला.

डिस्क ब्रेकला आयएस टू पोस्ट अडॅप्टर (फोर्क आणि ब्रेकची वेगवेगळी बोल्टची बसवण जुळवणारा तुकडा) लागला, १६० एमएमच्या रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) लगेच जमलं.

आज सकाळी पहिल्यांदा ड्युटीला नेली. गोलवाडीच्या चढावर उभं राहून पेडल मारलं तर पुढचं चाक खाली दबत नाही, मारलेला जोर सगळा मागच्या चाकाला. खड्ड्यात मात्र मनगटाला कळतं. मी १.७५ इंची स्लिक (गुळगुळीत टायर) टाकणार होतो, पण हे लिहिता लिहिताच ठरवलं की पुढं २.१ इंची टायर ठेवायचा आणि हवा ३५ पीएसआयवर आणायची, सस्पेन्शनचं काम टायरकडूनच घ्यायचं. स्लिक फक्त मागं. मडगार्डला जागा उरते का ते उद्या मोजतो, आणि रविवारी दौलताबादचा घाट.