हरभरे, मच्छरदाणी आणि दुर्बिणीतला हर्निया

हर्नियाचं ऑपरेशन मी डोळे झाकून करतो, असं मीच चारचौघांत सांगायचो. लातुरात बारा वर्षं जांघ उघडून कमकुवत जागेवर आधाराची जाळी बसवली. आडतीवरचे हमाल, ऊसतोडीहून परतलेली माणसं, गाठ दाखवायला येणाऱ्यांना तोटा नाही. पण हल्ली पेशंटच विचारतो, "साहेब, दुर्बिणीनं नाही का होत?" शेवटी बेचाळिसाव्या वर्षी शिकायला बसलो. त्याआधी एका ठिकाणी दोन दिवस नुसतं बघून सर्टिफिकेट मिळालं होतं. त्याचा उपयोग भिंतीपुरता.

या शिकवणीत पहिल्या दिवशी पुढ्यात भोकं असलेला सरावाचा खोका, दोन लांब हत्यारं आणि स्क्रीन. सहा कड्या एका हातानं उचलायच्या, अधांतरीच दुसऱ्या हातात द्यायच्या, खुंटीवर घालायच्या. हत्यार भोकात टेकून फिरतं, म्हणून हात डावीकडं नेला की टोक उजवीकडं पळतं. त्यात स्क्रीन सपाट, खोली कळतच नाही. तीन कड्या पाडल्या. शेजारची रेसिडेंट पोरगी हळूच म्हणाली, "सर, खांदे सोडा." खांदे कानाला टेकले होते.

घरी प्लास्टिकच्या डब्याला भोकं पाडून आत मोबाईल बसवला. रोज रात्री हरभरे या वाटीतून त्या वाटीत. बायको म्हणाली, "एवढं करताय तर निवडून तरी द्या."

जाळीनं मात्र खरा घाम काढला. 10 बाय 15 सेंटिमीटरची जाळी गुंडाळून 10 मिलिमीटरच्या पोर्टातून, म्हणजे पोटाला पाडलेल्या भोकातल्या नळीतून, आत घालायची आणि आत पसरायची. एक कोपरा सरळ केला की दुसरा मुडपतो. खालची कड दुमडलेली राहिली तर हर्निया तिथूनच परत डोकावतो. सरावाला मी मच्छरदाणीचा तुकडा घेतला. दोंडाईच्याच्या डॉ. टोणगावकरांनी तर मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून गरीब पेशंटांना बसवलं होतं; माझं आपलं डब्यातच.

मग शिकवणाऱ्या सरांनी मॉडेलवर पोटाच्या आतून पडदा, म्हणजे पोटाचं आतलं पातळ अस्तर, उघडायला लावला. समोरून ओळखीचा वाडा, पण मागच्या दारानं शिरल्यावर माजघर कुठं तेच कळेना. वीर्यवाहिनी आणि वृषणाच्या रक्तवाहिन्या यांच्यामधल्या त्रिकोणाखाली पायाची मोठी रोहिणी आणि नीला; त्याच्या बाहेरच्या अंगाला नसा. दोन्हीकडं टॅकर, म्हणजे जाळी टाचायचं हत्यार, मारायचा नाही. हे चित्र सरांनी फळ्यावर रोज काढायला लावलं, चुकलं की पुसून पुन्हा.

पहिली केस एका हमालाची, सर शेजारी उभे. जाळी दोनदा उचलून परत पसरली. पडदा शिवायलाच पस्तीस मिनिटं गेली. ती अजून खाली आणायचीत, म्हणून डबा आता ओपीडीच्या मागच्या खोलीत ठेवलाय.